जपून ठेवलेली वॉरंटी

गाडीची वॉरंटी शुक्रवारी संपली आणि मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, भर चौकात, सिग्नल हिरवा झाल्यावर गाडीने पुढे जायला साफ नकार दिला. इंजिन चालू होतं. गिअरचा दांडा 'डी'वर होता. स्टोअरकीपरांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसं इंजिन तावातावाने ओरडलं, पण चाकं जागची हलली नाहीत.

"दांडा नीट टाकलात का?" शेजारून बायकोने विचारलं.

"ऑटोमॅटिक आहे. यात नीट न टाकण्यासारखं काही नसतं."

"मग जात का नाही?"

"जाईल. गरम व्हायची असेल अजून."

मागच्या सीटवर सासरे बसले होते. त्यांनी छत्तीस वर्षं बस चालवली होती आणि ज्या गाडीत ड्रायव्हरचा डावा पाय रिकामा बसतो ती गाडी त्यांनी कधी मनापासून गाडी मानलीच नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, गिअरबॉक्स गेला."

स्टोअरकीपर बोटांवर मोजू लागले. गिअरबॉक्सची किंमत नव्हे, वॉरंटी संपल्यापासूनचे दिवस. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. फक्त चार दिवस!

इथे स्टोअरकीपरांविषयी थोडं सांगायला हवं. कारखान्याचं भांडार ते सव्वीस वर्षं सांभाळत होते आणि तिथून वस्तू बाहेर काढणं हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. कामगार नवे हातमोजे मागायला आला की ते म्हणत, "जुने दाखव." जुने दाखवले की त्यात आपला हात घालून बघत आणि म्हणत, "तीन बोटं शाबूत आहेत. चालव अजून आठवडाभर." वस्तू असते ती वापरायला नसते, पुढे लागेल म्हणून असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या भांडारातले काही हातमोजे कुणाच्याही हातात न जाता तिथेच म्हातारे झाले होते.

गाडीबरोबर मिळालेल्या तीन वर्षांच्या वॉरंटीकडेही ते याच नजरेने पाहत. आठ महिन्यांपूर्वी दुसरा गिअर पडताना गाडी बारीक झटका देऊ लागली, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, दाखवून आणा ना. वॉरंटी आहे तोवर फुकट करतील."

"एवढ्याशा झटक्यासाठी वॉरंटी वापरायची? उद्या खरंच मोठं काही निघालं म्हणजे?"

"वॉरंटी वापरली म्हणून संपत नाही हो."

"अगं, वापरलं की सगळं संपतं. सव्वीस वर्षं तेच बघतोय मी."

मग झटका वाढला. त्याला त्यांनी खराब रस्त्याचं कारण दिलं. घरघर सुरू झाली, तिला हवेचं. गिअर पडायच्या आधी गाडी दोन क्षण विचार करू लागली, तेव्हा ते म्हणाले, "विचार करते ते चांगलंच आहे."

हे एवढ्यावर राहिलं असतं तर बायकोने चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण बारा दिवसांनी ते समुद्रावर जाणार होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि बायकोने अजून समुद्र पाहिला नव्हता. दर वर्षी ती विषय काढायची आणि दर वर्षी स्टोअरकीपर म्हणायचे, "समुद्र कुठे जातोय?" या वर्षी सासऱ्यांनीच जावयाला समोर बसवून आठ दिवसांची खोली ठरवायला लावली होती. आता गिअरबॉक्स स्वतःच्या खिशातून घालायचा म्हणजे समुद्र गेला, हे गाडीतल्या तिघांनाही कळलं होतं.

मागून हॉर्न वाजू लागले.

"रिव्हर्स पडतो का बघा," सासरे म्हणाले.

मागच्या गाड्या वळसा घालून गेल्यावर दांडा 'आर'वर टाकला आणि गाडी गुणी मुलासारखी मागे सरकली. स्टोअरकीपरांचा चेहरा एकदम उजळला. "बघा! चालतेय की!"

"मागे चालतेय," बायको म्हणाली.

"सर्व्हिस सेंटर मागेच आहे."

ते खरं होतं. सर्व्हिस सेंटर दीड किलोमीटर मागे, याच रस्त्यावर होतं. बायको म्हणाली, "वेडेपणा करू नका. गाडी ओढून नेणाऱ्याला फोन करा." त्यावर स्टोअरकीपर उत्तरले, "जी गाडी आपल्या चाकांनी चालते तिला दुसऱ्याकडून कशाला ओढवायची?" आणि त्यांनी गाडी उलटीच, मोठ्या रस्त्याला लागून मागे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर घेतली.

सासऱ्यांना तर दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. ते काठी घेऊन खाली उतरले, गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डेपोत घुमायचा तो आवाज त्यांनी काढला. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे मारा... येऊ द्या... बस्स!" दर पन्नास पावलांवर ते 'बस्स' म्हणत, दम घेत आणि पुन्हा सुरू करत. बायकोने खिडकीतून हात बाहेर काढला होता. तो लोकांना थांबवायला होता की माफी मागायला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

एक स्कूटरवाली बाई समोर येऊन थांबली. "आजोबा, तुम्ही लोक उलटे का येताय?"

"आम्ही सरळच चाललोय. गाडी उलटी आहे," सासरे म्हणाले. "येऊ द्या!"

दुसऱ्या वळणावर वाहतूक पोलीस भेटला. त्याने शिट्टी मारली, वही काढली, गाडीला एक फेरी घातली आणि थोडा गोंधळला. नेमका कोणता गुन्हा लिहायचा हे त्याला सुचेना.

"कुठे निघालात?"

"सर्व्हिस सेंटरला."

"मग तोंड तिकडे करा की गाडीचं."

"तोंड तिकडे केलं तर गाडी इकडे येते," स्टोअरकीपर म्हणाले.

पोलिसाने यावर बराच विचार केला. मग वही खिशात घातली आणि ही भानगड आपल्या हद्दीतून लवकर बाहेर पडावी म्हणून स्वतःच पुढे होऊन त्याने वाहतूक अडवून धरली. पोलीस, मागे काठीवाले सासरे आणि त्यांच्या मागे पाठमोरी गाडी अशी ती मिरवणूक पाऊण तासाने सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी पोहोचली. तिथे फाटकावरच्या वॉचमनने हात आडवा केला.

"गेटपास?"

"आम्ही आत येतोय," स्टोअरकीपर म्हणाले.

"गाडीचं तोंड बाहेर आहे. तोंड बाहेर असलेली गाडी बाहेर जाणारी असते. गेटपास दाखवा."

"अहो दादा, आम्ही आत्ताच आलो!"

"मग आत आल्याचा कागद दाखवा."

"आत यायच्या आधी तो कुठून आणायचा?"

"ते मला नका विचारू. कागद नाही, गाडी हलणार नाही."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. स्टोअरकीपरांना मात्र त्याही अवस्थेत त्या माणसाविषयी आदर वाटला, कारण कारखान्याच्या वॉचमनला गेली सव्वीस वर्षं ते हेच शिकवत आले होते. पुढे काय करावं ते मात्र त्यांना सुचेना, कारण या नियमातून बाहेर पडायची वाट त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. शेवटी सासरेच वॉचमनला म्हणाले, "गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच ना तुझं काम?"

"एवढंच."

"मग नाही जात. येऊ द्या!"

गाडी मागे मागे आत गेली. ती बाहेर गेली नाही हे वॉचमनने नीट पाहून घेतलं आणि समाधानाने तो खुर्चीत बसला.

काउंटरवरच्या मुलीने गाडी तपासायला पाठवली. अर्ध्या तासाने मेकॅनिक हात पुसत आला. "गिअरबॉक्स बसला, साहेब. होता नव्हता तोही उलटा चालवून भाजून काढलाय तुम्ही. नवाच घालावा लागेल." मुलीने अंदाजाचा कागद छापून पुढे सरकवला. स्टोअरकीपरांनी आकडा वाचला, कागदाची घडी घातली आणि उलगडून पुन्हा वाचला. आकडा तेवढाच राहिला.

"वॉरंटी शुक्रवारी संपली," मुलगी म्हणाली.

"आज मंगळवार आहे."

"हो, म्हणूनच."

"पण ताई, मी तीन वर्षांत एकदाही काही मागितलं नाही. तेव्हाचं सगळं जपून ठेवलंय. ती शिल्लक पुढे नाही का ओढत?"

"वॉरंटी शिल्लक राहत नाही, सर. संपते."

हे वाक्य स्टोअरकीपरांना फार लागलं. मुलीला दया आली असावी. ती म्हणाली, "आधी कधी हा त्रास होत होता का? वॉरंटीच्या काळात तक्रारीची नोंद असेल तर कंपनी मान्य करते. फोनवरची असली तरी चालते."

"त्रास होता," ते हळूच म्हणाले. "तक्रार नाही केली."

बायको काचेपलीकडे उभ्या गाडीकडे बघत होती. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती रागावलेली दिसत नव्हती. आपण या बाईला पंचवीस वर्षं थांबवून ठेवलं आणि आता आणखी थांबवणार, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "अगं..." त्यांनी सुरुवात केली.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती मुलीला म्हणाली, "गाडीचा नंबर घालून बघा ना एकदा."

मुलीने नंबर घातला आणि तिचे डोळे मोठे झाले. "सहा नोंदी आहेत!"

"शक्य नाही," स्टोअरकीपर म्हणाले. स्वतःविरुद्धही त्यांना खोटी नोंद चालत नसे.

मुलगी वाचू लागली. "पहिली, आठ महिन्यांपूर्वी. 'गाडी दुसऱ्या गिअरला झटका देते. पती म्हणतात, रस्ता खराब आहे.' दुसरी. 'घरघर येते. पती म्हणतात, हवा.' तिसरी. 'गिअर उशिरा पडतो. गाडी आणण्याविषयी विचारले असता, पती वॉरंटी जपत आहेत असे कळले.'" ती थांबली आणि बायकोकडे निरखून बघू लागली. "म्हणजे त्या ताई तुम्ही?"

"मीच."

मुलीने मान मागे वळवून हाक दिली, "अगं, लवकर या सगळ्या! 'पती म्हणतात' आल्यात!"

आतल्या खोलीतून तिघी बाहेर आल्या. चौघींनी आधी बायकोकडे कौतुकाने पाहिलं आणि मग एकदम स्टोअरकीपरांकडे. सासऱ्यांनी खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"सहावी नोंद काय आहे?" स्टोअरकीपरांनी विचारलं. आता ऐकायचंच असेल तर पूर्ण ऐकावं, असा त्यांनी विचार केला.

"'पती म्हणतात, समुद्र कुठे जातोय.'" मुलगी गोंधळली. "हे तक्रारीत कसं आलं?"

मागच्या तिघींतली एक म्हणाली, "त्या दिवशी ताईंना जरा बोलायचं होतं. मी आपलं लिहून घेतलं."

मग मुलीने सहाही नोंदी छापल्या आणि खाली बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'वरील मजकूर खरा असल्याचे गाडीमालक मान्य करतो.' गाडी स्टोअरकीपरांच्या नावावर होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांनी पेन काढलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, 'हवा'पाशी किंचित अडखळले आणि सही केली. खाली तारीखही घातली.

"तू मला सांगितलं का नाहीस?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. आठ महिने. तुम्हाला सांगून झालं की त्यांना सांगायची."

कंपनीने तक्रार मान्य केली. दहाव्या दिवशी नवा गिअरबॉक्स बसला आणि त्याच्यासोबत दोन वर्षांची नवी वॉरंटी मिळाली. किल्ली देताना मुलीने स्टोअरकीपरांना बजावून सांगितलं, "सर, या वेळी काहीही वाटलं ना, अगदी काहीही, तर लगेच कळवायचं."

"लगेच कळवतो," स्टोअरकीपर म्हणाले. एकदा लेखी चूक कबूल केल्यावर ती पुन्हा करणाऱ्यांतले ते नव्हते.

ठरल्या रविवारी ते निघाले आणि संध्याकाळी पोहोचले. समुद्र होता तिथेच होता. बायकोने चपला हातात घेतल्या आणि वाळूवरून चालत ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली. पहिली लाट घोट्यावरून गेली तेव्हा ती एकटीच खुदकन हसली. सासरे मागे वाळूत बसून, एवढ्या मोठ्या जागेत किती बस वळतील याचा अंदाज घेत होते. स्टोअरकीपर काठावर उभ्या केलेल्या गाडीत होते. खिडक्या बंद, इंजिन चालू, कान पुढे.

तेवढ्यात बायकोच्या पिशवीतला फोन वाजला. पलीकडे काउंटरवरची मुलगी होती.

"ताई, तुम्ही समुद्रावर पोहोचलात का?"

"पोहोचले! पाय पाण्यात आहेत माझे."

"छान, छान. ताई, एक विनंती होती. सरांचे सकाळपासून अकरा फोन आले. घाटात 'टक' झालं म्हणाले, मग पुलावर 'टिक' झालं म्हणाले. आत्ता म्हणतात, काहीच आवाज येत नाही, हे नॉर्मल आहे का. आमच्या मेकॅनिकने फोन बंद करून ठेवलाय. तुम्ही जरा त्यांना सांगाल का? अजून दोन वर्षं जायची आहेत हो आमची!"

बायकोने वळून पाहिलं. गाडीत स्टोअरकीपर डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन गिअरबॉक्स ऐकत होते. एका हातात फोन तयार होता.

"आठ महिने मी ऐकलं, बाई," ती म्हणाली. "आता तुमची पाळी."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला, पिशवी वडिलांकडे दिली, साडी जरा वर खोचली आणि ती गुडघाभर पाण्यात गेली.