बाकावरचं पोहणं

होडीत तीन माणसं, एक वल्हं, पाण्याच्या दोन बाटल्या आणि तिघांची मिळून पोहण्याची तीन प्रमाणपत्रं होती. दुसरं वल्हं नुकतंच कॅशियरच्या हातून निसटून चार मीटरवर तरंगत होतं. तीन लाइफ जॅकेटं किनाऱ्यावर पडून होती, कारण "ती न शिकलेल्यांसाठी असतात," असं सर म्हणाले होते.

शुक्रवार ते सोमवार अशी जोडून सुट्टी होती आणि तळ्याकाठच्या विश्रामगृहात चार दिवस काही म्हणजे काही करायचं नाही, असा बेत होता. कॅशियरला मात्र एक काम होतं. त्याला मुलीच्या वडिलांच्या पसंतीस उतरायचं होतं. मुलीची पसंती दोन वर्षांपूर्वीच झाली होती. वडील जलतरण तलावावर प्रशिक्षक होते आणि पोहता न येणारा जावई त्यांना चालणार नव्हता. कॅशियरनं निर्धास्तपणे सांगितलं होतं, "काका, शाळेत मला पोहण्यात अ श्रेणी होती." ते खरंच होतं. साक्षीला त्यानं वर्गमैत्रिणीला आणि शिकवणाऱ्या सरांनाच सोबत आणलं होतं. मैत्रीण जमीनमोजणीच्या खात्यात होती, म्हणून तिला सगळे मोजणीबाई म्हणत.

एका वल्ह्यानं होडी स्वतःभोवती फिरू लागली. किनाऱ्यावर उभे असलेले मुलीचे वडील दर फेरीला समोर येत आणि पुन्हा पाठीमागे जात.

"काय चाललंय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"फेऱ्या मारतोय, काका!"

"ही सातवी!"

"घाबरू नका रे," सर म्हणाले. "आपली शाळा म्हणजे शाळा होती."

यात वाद नव्हता. गाव लहान, आणि अंगावर ओरखडा न उठता मूल शिकलं पाहिजे असं मुख्याध्यापकांचं धोरण. प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटलीत पाणी असे. भूगोलाची सहल नकाशावरून निघे आणि तास संपायच्या आत सुखरूप परत येई. गावाला नदी नव्हती, म्हणून पोहणं सभागृहातल्या बाकांवर शिकवत. बाकावर पालथं झोपायचं. एकला हात, दोनला पाय, तीनला श्वास. पन्नास गुण लेखी, पन्नास बाकाचे. सत्तावीस वर्षांत पोहण्याच्या तासाला एकही विद्यार्थी बुडाला नाही, हे वाक्य वार्षिक अहवालात ठळक छापलेलं असे.

"तुला पन्नासपैकी एकोणपन्नास होते," सरांनी कॅशियरला आठवण करून दिली.

"एक कुठं गेला, सर?"

"बाक करकरलं होतं."

"मग जा की," मोजणीबाई म्हणाली. "चारच मीटर आहे."

"जातोच." कॅशियरनं बूट काढले. मग तो थबकला. "सर, पाण्यात पोटाखाली काय असतं?"

सरांनी विचार केला. "पाणी."

"ते धरतं का वर?"

"पुस्तकात तरी तसंच आहे."

"सर," मोजणीबाईनं आवाज खाली आणला, "तुम्ही कुठं शिकलात हो?"

"प्रशिक्षण शिबिरात. पुरते पंधरा दिवस."

"नदीत?"

"नदीकाठी. त्या वर्षी दुष्काळ होता."

तेवढ्यात किनाऱ्यावरून मुलगी ओरडली, "अरे, उडी मार ना! बाबा बघतायत!"

कॅशियरनं उडी मारली. हात बरोबर एकला गेला, पाय बरोबर दोनला. तीनला श्वास घ्यायला तोंड वळलं, तेव्हा ते पाण्याखाली होतं. "एक! दोन!" सर काठ धरून मोजत होते आणि कॅशियर अंकांबरहुकूम खाली जात होता.

"उभा राहा!" मुलगी किंचाळली. "अरे, नुसता उभा राहा!"

तो उभा राहिला. पाणी छातीपर्यंत होतं.

वडील पँटसकट तळ्यात शिरले आणि त्यांनी वल्हं, होडी आणि कॅशियर याच क्रमानं किनाऱ्याला आणलं.

"हात निर्दोष," ते म्हणाले. "पाय तर इतक्या वर्षांत असे पाहिले नाहीत. फक्त माणूस खाली जातो. शिकवलं कुणी?"

सरांनी वर्गात करावा तसा हात वर केला.

"काका, मी खोटं नाही बोललो," कॅशियर खोकत म्हणाला. "मला खरंच वाटत होतं, मला येतं."

"तेच तर अवघड आहे, बाबा. खोटारड्याला निदान ठाऊक असतं."

"पण न घाबरता उडी मारलीच ना त्यानं!" मुलगी म्हणाली.

"घाबरायला तरी शिकवायचं होतं शाळेनं!" वडिलांनी पँट पिळली. "सोमवारी चारला निघायचंय. त्याआधी पाच मीटर पोहून दाखव. पाय न टेकता. नाहीतर हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, दोघांनीही."

अशी ती आरामाची सुट्टी सुरू झाली. शनिवारी मुलीनं त्याच्या पोटाखाली हात धरला. रविवारी सकाळी काढून घेतला, आणि तो इतकं पाणी प्यायला की दुपारी जेवला नाही. सर गुडघाभर पाण्यात उभे राहून टिपणं काढत होते. संध्याकाळी त्यांनी मोजणीबाईला हळूच विचारलं, "ते जॅकेट मोकळं आहे का गं?"

सोमवारी साडेतीनला कॅशियर निघाला. आज कुणी आकडे मोजत नव्हतं. वाकडा, धापा टाकत, बाकावर ज्याला शून्य मिळालं असतं अशा पद्धतीनं तो पुढे सरकत राहिला आणि मग त्याचे पाय टेकले.

"हलू नकोस!" मोजणीबाई फीत घेऊन पाण्यात उतरली. तो हात पुढे पसरून तसाच थांबला. तो निघाला तिथं रोवलेल्या खुंटीपासून तिनं फीत ताणली, दोनदा वाचली. "डोक्यापर्यंत चार मीटर अठ्ठ्याऐंशी."

मुलगी खाली पाण्याकडे बघत राहिली. सरांनी जॅकेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

वडिलांनी चपला काढल्या, पाण्यात आले आणि फितीचं टोक मोजणीबाईच्या हातून घेतलं. ते त्यांनी कॅशियरच्या मधल्या बोटाच्या नखाला नेऊन लावलं.

"वाच," ते म्हणाले.

"पाच मीटर एकेचाळीस."