बोटं बधीर होण्याची कारणं

"आजही बोटं बधीरच का रे?" आत्याने दारातूनच विचारलं.

"पायांची आहेत. हातांची चालताहेत," बाबा म्हणाले आणि तळाला टाका घालत राहिले.

बाबा बूट शिवायचे. पुढच्या खोलीतच दुकान. महिनाभर त्यांच्या पायांची बोटं बधीर होती आणि येईल तो कारण सांगून जात होता. आत्या म्हणाली, साखर असणार. तपासणीत साखर निघाली नाही. चहातली मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी जीवनसत्त्वं मोजली, तीही पुरेशी. शेजारचा शिंपी म्हणाला, "दिवसभर मांडी घालून बसता, नस दबते." बाबा स्टुलावर बसू लागले. स्टुलाने बोटं सोडवली नाहीतच, वर कंबर धरली. कंबरेला पट्टा आला. पट्ट्याने वाकता येईना. म्हणून त्या संध्याकाळी लेक त्यांचे बूट काढायला बसली.

बूट तिनेच आणले होते, पहिल्या पगारात, गुपचूप. जन्मभर दुसऱ्यांचे बूट शिवणाऱ्याला एकदा तरी आयते मिळावेत म्हणून. तेव्हापासून बाबा दुकानातही तेच घालून बसत.

"राहू दे गं, मी बघतो," बाबा पाय मागे घेत म्हणाले.

बूट निघेना. आत्याने बाबांना खांद्यांना धरलं, लेकीने टाच ओढली. बूट निघाला तशी ती बुटासकट मागे आपटली. समोर बाबांची बोटं एकमेकांवर चढून बसली होती.

"घट्ट होतात का रे?" आत्या म्हणाली.

"छे. चामडं होतं हळूहळू सैल," अख्ख्या गल्लीचे पाय मोजलेला माणूस म्हणाला. "झकास आहेत."

लेकीने बूट पुसून कोपऱ्यात ठेवले.

सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी तिने दुकान उघडलं. बूट सैल करायचा लाकडी साचा फळीवरच होता. बाबांचे बूट किती सैल करायचे ते बघायला तिने मापांची वही काढली. कागदावर पाय ठेवायला लावून बाबा भोवती पेन्सिल फिरवत. शिंप्याचा पाय होता, डॉक्टरांचा होता, तिचा तर दर वर्षीचा होता. बाबांचा नव्हता.

तिने अंदाजाने साचा घालून स्क्रू पिळला. चामडं कुरकुरलं. बाबा महिनाभर कुरकुरले नव्हते.

"आता कोण घालणार आहे ते?" आत्या हळूच म्हणाली.

ती रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

"बाबा, लहान होते हो बूट," ती मोठ्याने म्हणाली. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुकानदाराने नंबर विचारला, तेव्हा मी उगाच सात म्हणाले. तुमचा मला माहीतच नव्हता."