सगळ्यांना सांगायचा हर्निया

घड्याळजींनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. गुरुवारी ऑपरेशन, सोमवारी दुकान, आणि विचारलंच कोणी तर हर्निया! मधुमेहामुळे त्यांची पुढची कातडी सारखी सुजायची, चिरायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, सुंताच करून टाकू. सेहेचाळिसाव्या वर्षी हा शब्द बायकोसमोर उच्चारतानाही घड्याळजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यापेक्षा हर्निया बरा. सभ्य आजार, चारचौघांत सांगता येतो.

ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. पण सोमवारी दुकान उघडायचं राहिलं बाजूला, पँट घालायचीच पंचाईत! कापड नुसतं घासलं तरी ते जागच्या जागी उडायचे. बायकोनं आपला जुना गाऊन काढून दिला. तो घालून, पाय फाकवून, ते बदकासारखे घरभर फिरत. टाके आपोआप विरघळतील, सूज उतरायला काही आठवडे आणि व्रण मऊ पडायला काही महिने लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घड्याळजींना वाटलं होतं, हे इतरांसाठी असणार.

बाराव्या दिवशी घड्याळजींची ताई आणि भाऊजी न कळवता भेटायला आले. गाऊन बदलायलाही सवड मिळाली नाही. खुर्चीवर टेकताना घड्याळजींच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून भाऊजी पांढरेफटक पडले. मग ताईनं सांगितलं, की यांनाही हर्नियाच निघालाय, परवाची तारीख मिळालीय, आणि भीतीनं यांचं जेवण सुटलंय. जरा धीर यावा म्हणून तर इथे आणलं. तो धीर आता फुलाफुलांचा गाऊन घालून समोर कण्हत होता.

काही दुखत नाही हो, असं म्हणत घड्याळजींनी चालूनही दाखवलं. ते चालणं बघितल्यावर भाऊजींनी खिशातून फोनच काढला आणि तारीख रद्द करतो म्हणाले. ताईच्या डोळ्यांना धार लागली. घड्याळजींना दरदरून घाम फुटला. उद्या या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर ते पाप आपल्या माथी! त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होती.

अखेर त्यांनी भाऊजींना आतल्या खोलीत नेलं, कडी लावली आणि कपाटाकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. कातडी, सुंता, टाके, काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. धरणी दुभंगली असती तर ते गाऊनसकट आत गेले असते.

"हर्नियाच्या ऑपरेशनात यातलं काहीच होत नाही, भाऊजी. तुम्ही बिनघोर जा."

त्यांनी वळून पाहिलं. भाऊजी मान खाली घालून पलंगाच्या कडेला बसले होते.

"मलाही हर्निया नाही," ते पुटपुटले.

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच दारापलीकडून ताईचा आवाज आला.

"बाहेर या दोघंही. इथे सगळं ऐकू येतंय."

परवाची तारीख भाऊजींनी पाळली. पण ताईनं हाक मारली तेव्हा मात्र ती कडी काढायला दोघांपैकी कोणीही अर्धा तास पुढे झालं नाही.