गुलकंद आणि मलाईचा पोळा

“सण पोळ्याचा गं बाई, बैल उभे माझ्या दारी
वर्साचं ओझं त्यांचं, आज ठेवा भुईवरी…”

सासूबाईंचा आवाज होता तो. वर्ध्याकडच्या गावात, शेणानं सारवलेल्या अंगणात, थोडा घोगरा, थोडा थकलेला. प्रतिमा तेव्हा नवी सून होती. चुलीपुढं पुरणपोळ्या लाटता लाटता तिनं ही ओवी ऐकली होती आणि मनाशी म्हटलं होतं, बैलांचं ओझं उतरलं हे छानच झालं, आता माझ्या हातातलं लाटणंही कुणीतरी उतरवा. मनाशीच म्हटलं होतं. प्रतिमाताईंचं पुष्कळसं बोलणं तिथंच उरकत असे.

सासूबाई जाऊन जमाना झाला. तरी तीच ओवी आज लखनौत, जानकीपुरमच्या घरात, फेब्रुवारीतल्या शनिवारी संध्याकाळी गच्चीवरून खाली येत होती. आवाज मात्र नवऱ्याचा होता, आणि सुराशी त्याचं जुनं भांडण होतं. प्रतिमाताई गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढल्या. वर नरहरराव देवतळे मांडी घालून बसले होते. त्यांच्या समोर दोन कुत्री होती, आणि ते वाटीतलं तूप-हळद त्यांच्या खांद्यांना चोळत होते.

“अहो, हे काय चाललंय?”

“खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हे तुला मी सांगायचं?”

“बैलांचे.”

“उद्या हेच बैल.” नरहररावांनी कुत्र्यांच्या कानाशी वाकून विधीतलं आमंत्रणही दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आवतन कळलं की नाही कोण जाणे. तांबूस कुत्र्यानं मात्र उद्याची वाट न पाहता पांढरीचा खांदा चाटायला घेतला.

तांबूस तो गुलकंद. देवतळ्यांचा. कधीकाळी गल्लीतला होता, एका थंडीत फाटकातून आत आला आणि परत गेला नाही. पांढरी ती मलाई. शेजारच्या सक्सेना भाभींची. कापसाच्या गादीला चार पाय फुटावेत तशी. तिला रोज कंगवा, आठवड्याला शॅम्पू आणि वाढदिवसाला केक असे.

उद्या सेक्टरच्या पार्कात कला महोत्सव होता. चित्रं, कथक, चिकनकारीचे कपडे, चाट, आणि यंदा नवीन म्हणजे आपापल्या प्रदेशाच्या वेशातल्या कुत्र्यांची मिरवणूक. समितीचे अध्यक्ष सक्सेनाजी. ते म्हणाले, “महाराष्ट्र तो इस मोहल्ले में आप ही हैं, डॉक्टर साहब.” नरहररावांना नाही म्हणता येत नसे. सगळी नोकरी औषधांच्या संशोधनात गेली, पण समोरच्याला नकार देण्याचं औषध त्यांना सापडलं नव्हतं. हो म्हणून घरी आले आणि ठरवूनच टाकलं, महाराष्ट्र म्हणजे पोळा, आणि पोळा म्हणजे जोडी. एकटा बैल कुणी मिरवतं का? म्हणून मलाई उसनी आणली. सक्सेना दांपत्याला सकाळीच चारबाग स्टेशनला जायचं होतं, भाभींच्या बहिणीला गाडीवरून आणायला. ते परस्पर पार्कातच येणार होते. तेव्हा मलाई रात्रभर देवतळ्यांकडे.

हे सगळं प्रतिमाताईंनी सहन केलं असतं. दुखणं वेगळंच होतं. नरहरराव निवृत्त झाले होते आणि घर विकून गावी परतायचं ठरवून बसले होते. गावी मोठे भाऊ, वहिनी, पुतणे, सुना, भरलं घर. घर घेणार होते सक्सेनाजी, गुडगावहून परतणाऱ्या मुलासाठी. उद्या महोत्सव आटोपला की संध्याकाळी ते मिठाई घेऊन यायचे होते, बोलणी पक्की करायला.

प्रतिमाताईंना जायचं नव्हतं. पण नरहररावांनी जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “बघू.” तो माणूस इतका आनंदात होता, की त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे लहान मुलाच्या हातातून पतंग ओढून घेण्यासारखं वाटे. आता हातात उरली होती एकच संध्याकाळ.

“झूल कशाची केलीत?” त्यांनी विचारलं.

“तुझी ती आंबा रंगाची साडी. काठ विरला होता ना?”

“आणि शिंगं?”

नरहररावांनी उत्साहानं चार शिंगं दाखवली. सोनेरी बेगड चिकटवलेली, टोकाला लाल गोंडे. प्रतिमाताईंनी ती नीट न्याहाळली. स्वयंपाकघरातली तेलाची नरसाळी चार दिवस का सापडत नव्हती, ते त्यांना आज कळलं.

सकाळी त्या दूध घ्यायला उठल्या तर व्हरांड्यात एक पिवळं कुत्रं झोपलेलं.

“अहो! उठा आधी. मलाई कुठंय?”

नरहरराव चष्मा शोधत आले. मलाई तिथंच होती. फक्त आता ती मलाई दिसत नव्हती. रात्रभरात गुलकंदनं तूप चाटलं होतं, तिनं अंग पायपुसण्याला घासलं होतं, आणि खांद्यापुरती लावलेली हळद नाकापासून शेपटीपर्यंत पोहोचली होती. लग्नाच्या आदल्या दिवशीची नवरीही इतकी हळदली नसते.

“काही नाही, धुऊन निघेल,” नरहरराव म्हणाले आणि बाथरूमकडं वळले.

“अहो, साबण नका…”

वाक्य पुरं होईपर्यंत कपड्याच्या साबणाची वडी मलाईच्या पाठीवरून दोनदा फिरली होती. पिवळं कुत्रं त्यांच्या डोळ्यांदेखत लाल झालं. मंद, विटेच्या रंगाचं लाल.

नरहररावांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उमटलं.

“अगं, अल्कली! हळदीत अल्कली पडली की लाल. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलो होतो मी.”

“मग आत्ता आठवलं?”

“काय सुंदर रंग आलाय बघ पण.”

“वीटभट्टीतून आल्यासारखी दिसतेय ती. सक्सेना भाभी मला उभी जाळतील. लिंबू आणते, त्यानं पिवळी तरी होईल.”

घरात दोनच लिंबं होती. ती पुढच्या अंगाला पुरली. मलाई पुढून पिवळी, मागून लाल, आणि मधे जिथं दोघांचं भांडण होतं तिथं तपकिरी झाली. ती केविलवाणी थरथरत उभी होती. प्रतिमाताईंनी तिला जुन्या शालीत गुंडाळून पोटाशी धरलं. “गप बाळा गप,” त्या म्हणाल्या, “तुझं काय, माझं काय, दोघींना कुणी विचारलं होतं?”

मलाईनं त्यांची हनुवटी चाटली.

झूल लांब होती हे नशीब. आंबा रंगाच्या काठापदराखाली मलाईचं सगळं पाप झाकलं गेलं. शिंगं बांधली, गळ्यात घुंगरं घातली, आणि नरहररावांनी दोघांना एकाच दोरीनं एकमेकांशी जोडलं. “बैलजोडी आहे, वेगळी चालायची नाही.” प्रतिमाताईंनी तोंड उघडलं, आणि सवयीनं मिटलं.

पार्क घरापासून चार गल्ल्या. पहिल्या गल्लीत एक कुत्रं मागं लागलं. दुसऱ्या गल्लीत आणखी तिघं आली. धाकट्या जावेसाठी मोठ्या जाऊबाईंनी गावाहून धाडलेलं ते घट्ट, रवाळ तूप होतं. त्याचा वास साबणालाही दाद देत नव्हता, आणि गुलकंदच्या खांद्यावर तर ते अजून तसंच होतं. शिवाय ही सगळी गुलकंदची जुनी दोस्तमंडळी. पार्काच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत मागं वरात झाली होती.

“परत फिरायचं का?” प्रतिमाताई म्हणाल्या.

“अगं, नावं दिलीत आपण. सक्सेनाजींना काय वाटेल?”

आत मांडव रंगलेला. एकीकडं मुलं जमिनीवर अंथरलेल्या लांबच लांब कापडावर चित्रं काढत होती, पलीकडं कथकच्या मुली पायांत चाळ बांधत होत्या. मिरवणुकीत शेरवानी घातलेला एक पग होता, भांगड्याच्या पगडीतला लॅब्रेडॉर होता, आणि राजस्थानी घागऱ्यात अडखळणारं एक कुत्रं, ज्याला स्वतःचीच लाज वाटत असावी. निवेदकानं माईक सरसावला.

“और अब तशरीफ़ ला रहे हैं, महाराष्ट्र से… दो बारहसिंगे!”

टाळ्या पडल्या. नरहरराव थेट स्टेजवर चढले. “बारहसिंगे नहीं जी, बैल हैं.”

“जी, बैल! माशाअल्लाह, अभी छोटे हैं.”

झालं. नरहररावांनी माईक हातात घेतला. पोळा म्हणजे काय, त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू का ठेवत नाहीत, खांदे का शेकतात, सारं पहिल्यापासून सुरू झालं. खाली दोरी प्रतिमाताईंच्या हातात. त्यांना आधी पोटरीला ओलं नाक लागलेलं जाणवलं. मग दुसरं. वरात आत शिरली होती. दोघांनी गुलकंदचा खांदा चाटायला घेतला, एकानं मलाईच्या झुलीत तोंड घातलं, आणि जन्मात गल्लीच्या कुत्र्याशी कधी न बोललेली मलाई किंचाळून उधळली.

जोडी होती. वेगळी चालायची नव्हती. गुलकंदही उधळला.

दोरी प्रतिमाताईंच्या हातून सुटली. जोडी आधी चित्रांच्या कापडावरून गेली, मग कथकच्या मुलींमधून. तिथं चाळ आणि घुंगरं अशी काही मिसळली, की तबलजीला वाटलं द्रुत लय सुरू झाली. त्यानंही हात चालवला. मागं वरात, वरातीमागं निवेदक, आणि स्टेजवरून नरहरराव अजून सांगत होते, “ऐसे ही दौड़ते हैं हमारे यहाँ, तोरण टूटने के बाद!” शेवटी जोडी बताशांच्या, म्हणजे तिकडच्या पाणीपुरीच्या, ठेल्याखाली घुसली. एक या बाजूनं, दुसरी त्या बाजूनं. दोरी पायाला अडकली, ठेला डगमगला, आणि चिंच-पुदिन्याच्या पाण्याचा भरला माठ मलाईवर उपडा झाला.

झूल घसरून पडली.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून सक्सेनाजी, भाभी आणि भाभींची बहीण असे तिघं आत आले. पांढऱ्याशुभ्र चिकनच्या साडीत भाभी उभ्या राहिल्या आणि ठेल्याखालच्या त्या पिवळ्या, लाल, तपकिरी, हिरव्या, एकशिंगी प्राण्याकडं बघून म्हणाल्या, “हाय राम, ये किसका कुत्ता है?”

तो प्राणी आवाजानं आनंदून धावत सुटला आणि भाभींच्या साडीवर चढला.

नरहरराव स्टेजवरून उतरून आले, हात जोडून उभे राहिले. आणि प्रतिमाताईंच्या मनात, लाज वाटावी असा एक उजेड पडला. झालं! आता हे रागावणार. बोलणं तोडणार. घर घेणार नाहीत. आपल्याला काही म्हणावंच लागणार नाही. त्या पुढं झाल्या.

“बहुत बड़ी गलती हुई, भाभी. आप नाराज़ होंगी ही. होना भी चाहिए.”

“नाराज़? अरे…” भाभींनी साडीकडं पाहिलं, मलाईकडं पाहिलं.

“नहीं, आप बोल दीजिए. दिल में मत रखिए,” प्रतिमाताईंनी काकुळतीनं म्हटलं.

भाभींना हसू फुटलं. आधी बारीक, मग बहिणीच्या खांद्याला धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “होली तो अगले महीने है, और ये अभी से खेल आई! धुल जाएगा, भाभी. अपने घर का जानवर है, आप भी अपने घर की.”

“और शाम की बात अपनी जगह पक्की,” सक्सेनाजी म्हणाले. “मिठाई का ऑर्डर दे आए हैं.”

प्रतिमाताई जवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या सभ्य माणसांना कुणी घर विकू नये, असं त्यांना वाटलं.

“भाईसाहब,” त्या हळूच म्हणाल्या, “छत टपकती है हमारी. बरसात में.”

“हमारी भी टपकती है. दीवार तो एक ही है.”

“बंदर बहुत आते हैं.”

“पहले हमारे यहाँ आते हैं, फिर आपके यहाँ.”

“गर्मी में ऊपर पानी नहीं चढ़ता…”

“भाभीजी, वो मोटर तो मैंने ही लगवाई थी आपकी.” सक्सेनाजी प्रेमानं हसले. “आप फ़िक्र मत कीजिए. हमें सब मालूम है.”

सगळं संपलं. सांगण्यासारखं एकही वैगुण्य उरलं नाही. स्टेजवर बक्षिसं वाटणं सुरू झालं होतं. शेरवानीतल्या पगला पहिलं मिळालं. गुलकंद खुर्चीखाली येऊन बसला होता. नरहरराव शेजारी उभं राहून कुजबुजले, “बघ, किती चांगली माणसं. निभावलं. आता घरी जाऊन दादाला फोन करतो, पुढच्या महिन्यात येतो म्हणून.”

“नका करू,” प्रतिमाताई म्हणाल्या.

“आं?”

“फोन नका करू. मला यायचं नाही गावी.” आवाज मोठा नव्हता. पण तो बाहेर आला होता, आणि आलाय म्हटल्यावर थांबेना. “इथं सकाळी उठून मी पहिला चहा माझ्यासाठी करते. आल्याचा. खिडकीत बसून पिते, कुणाला न विचारता. तिथं सगळ्यांचा झाला की पातेल्यात उरेल तो पिणार. दादा चांगले आहेत, वहिनी चांगल्या आहेत. मला कुणाचा राग नाही. पण माझी साठी आलीय हो. मला पुन्हा कुणाची धाकटी सून व्हायचं नाही. ते घर माझं आहे. टपकतं तसं टपकू दे.”

नरहरराव बघत राहिले. जणू संसारभर जिच्याशी बोलत आले, तिचा आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते. सक्सेनाजींना मराठी येत नव्हती, पण चेहरे वाचता येत होते.

“भाभीजी क्या कह रही हैं, डॉक्टर साहब?”

नरहररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बायकोच्या शेजारी बसले.

“कह रही हैं,” ते म्हणाले, “कि हम नहीं जा रहे.”