तीन सूत कमी

तुळशीराम सकाळी जागा झाला तेव्हा वामनराव मास्तर त्याच्या छातीवर हात दाबून बसले होते.

"उठू नकोस," मास्तर म्हणाले. "मानसुद्धा उचलू नकोस. आता जसा आहेस तसाच तुला उंद्रीला न्यायचं आहे."

"मास्तर, मले बाहीर जाणं हाये."

"ते काल सांगायला हवं होतंस."

शेवटी ते काम एका कुशीवर वळून, बाजेवरच कसंबसं उरकण्यात आलं. त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं.

उंद्रीच्या आमराईत त्या दिवशी पोलिसाच्या साहेबाचा मुक्काम होता आणि शिपायांची भरती होती. शिपायाला उंची पाच फूट पाच इंच लागे. तुळशीराम गेली दोन वर्षं भरतीला जाऊन येत होता आणि दोन्ही वेळा तीन सूत कमी भरला होता. सुतार इंचाचे आठ भाग करतो, त्यातले तीन. एवढ्याशा कमीपणापायी माणसाचं आयुष्य अडावं, ही गोष्ट त्याला रात्रंदिवस खात होती. यंदा पंचविशी पुरी व्हायची होती. त्यानंतर भरतीचं दार बंद. मग उरलं खामगावचं एखादं कापसाचं जिन. त्याच्या बापाने बारा हिवाळे जिनात सरकी काढली होती, रुईची उडणारी बारीक कुसर छातीत भरून घेतली होती, आणि शेवटचे चार महिने भिंतीला टेकून बसल्या बसल्या खोकत काढून तो गेला होता.

बोरवाडीत त्यांचं बरड जमिनीचं एकच वावर होतं. ते एका घराला पुरेल, दोन भावांच्या दोन घरांना पुरणार नाही, हे घरात कोणी तोंडाने बोललं नव्हतं. पण धाकटा किसन वखर धरायचा तेव्हा बैलही त्याच्यावर खूश असत, आणि तुळशीराम धरायचा तेव्हा ते वळून वळून मागे बघत. तेव्हा कोणी जायचं हे ठरल्यासारखंच होतं.

आता वामनराव मास्तरांविषयी. मास्तरांकडे एक जाडजूड वही होती आणि जुन्या मासिकांतून कापलेली जगातली नाही नाही ती माहिती त्यांनी तीत चिकटवली होती. घुबडाला डोळा फिरवता येत नाही, म्हणून ते मान फिरवतं. घोडा उभ्यानं झोपतो. शहामृगाचा मेंदू त्याच्या डोळ्याहून लहान असतो. ही माहिती मास्तर कोणी न विचारता देत, आणि वेळ कोणती आहे हे कधीही बघत नसत. तुळशीरामच्या बापाच्या दहाव्याला, सगळे नदीवर मान खाली घालून बसले असताना, त्यांनी सापाला पापण्या नसतात हे सांगितलं होतं. 

पण यंदा त्यांच्या वहीतून कामाची गोष्ट निघाली. माणूस सकाळी सर्वांत उंच असतो. दिवसभर चालण्या-बसण्याने पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस जवळजवळ अर्धा इंच खचतो.

"मेल्यावर तर तो आणखी थोडा लांब होतो," मास्तर म्हणाले होते. "पण त्याचा आपल्याला उपयोग नाही."

आठ दिवस ताडून पाहिलं. किसन रोज उजाडताच सुताराची पट्टी घेऊन उशाशी हजर. उठल्याबरोबर तुळशीराम पाच फूट पाच इंच भरे, एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. न्याहारी होईपर्यंत एक सूत गेलेलं असे आणि दिवे लागेपर्यंत तिन्ही. म्हणजे प्रश्न एवढाच राहिला, की बोरवाडीची सकाळ दोन कोसांवरच्या उंद्रीला कशी न्यायची.

बैलगाडी मास्तरांनी नाकारली. गाडीच्या हिसक्यांनी मणके बसतात. बाजेवर न्यायचं ठरलं, तर बाजेचा सुंभ मधोमध झोळ देत होता. म्हणून खाली दोन बांबू उभे बांधून वर कडब्याचा थर दिला. उन्हाने डोके दुखेल आणि माश्यांमुळे मान हलेल, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर पांघरलं. वारा असल्याने ते चार ठिकाणी सुतळीने आवळलं. एकेक गोष्ट अगदी विचाराने केली होती. सगळं झाल्यावर खांदा द्यायला जमलेले चौघे दोन पावलं मागे सरले आणि बाजेकडे बघत राहिले.

त्याची आई तानुबाई दारात आली आणि तिने हंबरडाच फोडला.

"मा, अवं मी जिता हावो," आतून तुळशीराम म्हणाला.

"मले मालूम हाये रे बापा," ती पदराने तोंड झाकत म्हणाली, "पण पाहवत नाई!"

तिचं ऐकून शेजारच्या दोघी रडत आल्या, आणि त्यांचं ऐकून पलीकडच्या चौघी. त्या कशाला रडत आहेत हे त्यांनी नंतर विचारलं. तोवर बाज उचलली गेली होती.

खांदेकरी चार. पुढे किसन आणि शेजारचा पंजाबराव. मागे अब्दुल गनी पिंजारी आणि मास्तर. मास्तर इतरांहून वीतभर बुटके असल्याने बाज एका कोपऱ्यात कलली होती. अर्ध्या कोसात त्यांचा खांदा सोलवटला आणि चेहऱ्यावर असं काही दुःख उमटलं, की समोरून येणाऱ्या गुलाम रसूल बागवानाने पेरूची टोपली बांधावर ठेवली आणि न बोलता पुढे होऊन मास्तरांचा कोपरा आपल्या खांद्यावर घेतला. वाटेत मयत दिसली की चाळीस पावलं खांदा द्यायचा, ही त्याच्या घरची शिकवण होती.

"भाऊ, ऐका तं..." किसन सुरू झाला.

"चूप राह्य बे," अब्दुल गनी हळूच म्हणाला. "खांदा भेटून राह्यला. जिता हाये म्हणशीन तं कोन देईन?"

हे खरंच होतं. जित्या माणसाला उचलायला या जगात कोणी पुढे येत नाही. चाळीस पावलांनी आणखी एकाने खांदा दिला, मग आणखी दोघांनी. बाज आता झपझप चालू लागली. मास्तर मोकळ्या हातांनी मागून चालत होते, आणि धोतराखाली तुळशीरामही गप्प पडून होता. चांगलं चाललं होतं.

फाट्यावर बाजाराला निघालेली गोजरबाई भेटली. पंचक्रोशीतलं एकही मरण तिच्याशिवाय पार पडत नसे.

"कोन गेलं वं माय?"

"बोरवाडीचा तुळशीराम," कोणीतरी सांगितलं.

"अरे माह्या सोन्या!" गोजरबाईने गळा काढला. "कसा देवमानूस होता! कोनाले टोचून बोलला नाई, कोनाच्या बांधावर गेला नाई!"

तिने तुळशीरामला कधी पाहिलेलं नव्हतं. पण पंचवीस वर्षांत त्याच्याबद्दल इतकं चांगलं कोणीच बोललं नव्हतं. आपण मेलो असतो तर फारसं कोणाचं बिघडलं नसतं, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. तो कान देऊन ऐकत राहिला, आणि तिथेच चुकला.

"पन मसनात सोडून इकडं कुठी नेऊन राह्यले?" गोजरबाईने डोळे पुसत विचारलं.

"उंद्रीले," पंजाबराव म्हणाला. तो सरळ माणूस होता. "पोलिसाच्या सायबाले दाखवाले."

रडणं एकदम थांबलं.

"पोलिसाले? काऊन?"

पंजाबरावला दम लागला होता. त्याने नुसता खांदा बदलला. मागे कुजबुज सुरू झाली.

"वावर हाये का त्यायचं?"

"हाये, एक."

"आन् भाऊ किती?"

"दोघं."

"आता एकच म्हना."

कुजबुज पुढे सरकत सरकत किसनपाशी येऊन थांबली. त्याची पावलं जड झाल्याचं तुळशीरामला बाजेच्या चालीवरून कळलं. ओरडून सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण जीभ हलेना, कारण हे लोक आज जे बोलत होते ते गेले आठ दिवस त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. आपल्याला घराबाहेर काढायला हा पोरगा रोज पहाटे पट्टी घेऊन इतका उत्साहाने का येतो? त्या विचाराची त्याला आता धोतराखाली पडल्या पडल्या लाज वाटली.

उंद्रीच्या आमराईत बाज पोचली तेव्हा मागे बाजाराला निघालेली पाऊणशे माणसं जमली होती. जमादार धावत आला.

"काय आहे रे हे? कोण मेला?"

"यानं भावाले मारलं, सायेब!" गोजरबाईने किसनकडे बोट केलं. "वावरासाठी!"

जमादाराने किसनची मानगूट पकडली. आता मात्र तुळशीरामला राहवेना.

"जमादारसायेब, मी जिता हावो!"

पाऊणशे माणसं ज्या वेगाने आली होती त्याहून कितीतरी वेगाने परत गेली. बाज धाडकन खाली आली. जमादार मात्र वीस वर्षं नोकरी केलेला होता, तो जागचा हलला नाही.

"जिता असशील तर उभा राह्य."

"राह्यतो, पन उंचीच्या खांबापाशी नेल्यावर. इथं राह्यलो तं खचीन."

"थट्टा करतोस?" जमादाराने किसनला आणखी आवळलं. "आत्ता उभा राह्य, नाहीतर याला हातकडी घालतो."

तुळशीराम पडून राहिला. खांब तीस पावलांवर होता. कोणी बाज तेवढी उचलली असती तर सगळं जुळलं असतं. त्याने एक श्वास घेतला, दुसरा घेतला.  किसन त्या पांढऱ्या कापडाकडे बघत होता. तिसऱ्या श्वासाला तुळशीरामने सुतळ्या तोडल्या आणि तो उभा राहिला.

जमादाराने किसनला सोडलं आणि तुळशीरामला रांगेत उभं केलं. पुढे एकेचाळीस उमेदवार होते. सावल्या लांबेपर्यंत तो उन्हात उभा होता आणि आपण इंचाइंचाने नव्हे, सुतासुताने जमिनीत चाललोय असं त्याला जाणवत होतं. खांबाला पाठ लावली तेव्हा पाच फूट चार इंच आणि पाच सूत भरला. तीन कमी.

मास्तरांना राहवलं नाही. ते तडक साहेबासमोर गेले आणि मणके, गाद्या, सकाळ, संध्याकाळ सगळं समजावून सांगितलं. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणूनच आम्ही उंची दुपारनंतर मोजतो."

आपल्या वहीतली गोष्ट दुसऱ्या कोणाला आधीच ठाऊक असल्याचा हा मास्तरांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. ते आंब्याच्या मुळीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"याला इथवर कोणी आणलं?" साहेबाने विचारलं.

जमादाराने किसनला पुढे लोटलं. बाकीच्यांनी वाटेत आलटूनपालटून खांदा बदलला होता. किसनने एकदाही नाही. त्याच्या मानेवर बांबूचा काळानिळा वळ उठला होता.

"दोन कोस?"

"हो, सायेब."

"उभा कर खांबाला."

किसन पाच फूट साडेसात इंच भरला. छाती मोजली, दात पाहिले, चालवून बघितलं. साहेबाने कागदावर त्याचं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

"मले नाई पायजे सायेब," किसन म्हणाला. "माह्ये बैल हायेत घरी."

मग त्याने तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम खाली बघत होता, आणि खांबापाशी आपल्याच पायांचे ठसे बोटाने पुसत होता. किसन साहेबाकडे वळून म्हणाला, "लिव्हा."

निवडलेल्यांना तिथूनच बुलढाण्याला न्यायचं होतं. घरी जायलाही सवड नव्हती.

"दादा, खामगावले जाऊ नको आता," किसन म्हणाला. "धवळ्याच्या मानंले जू घासते, त्याले चिंधी बांधत जाय. आन् वखर दाबू नको, नुसता धर."

"मी तं तुह्यावर शक..." तुळशीराम त्याच्या मानेवरचा वळ बघत म्हणाला.

"मालूम हाये मले," किसन म्हणाला.

परत जाताना बाज रिकामी होती, पण नेली तर पाहिजे. पंजाबराव, अब्दुल गनी, मास्तर, आणि किसनच्या कोपऱ्याला तुळशीराम. वाटेत लोकांनी चार माणसं आणि रिकामी बाज बघून टोप्या काढल्या. 

तानुबाई उंबऱ्यात बसली होती. तुळशीरामला बघून ती उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग त्याच्या मागे, वाटेकडे बघू लागली.

"किसन कुठी हाये?"

"त्याले लागली नोकरी, मा. त्याले घेतलं त्यायनं."

"आन् तुले?"

"मले वावर लागलं."

ती पुन्हा वाटेकडे बघत उंबऱ्यात बसली. गोठ्यात धवळ्या हंबरला. त्याची पाण्याची वेळ टळून गेली होती. तुळशीराम बादली घेऊन गेला तेव्हा बैलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्यामागे आणखी कोणी येतंय का ते पाहिलं, आणि पाण्याला तोंड लावलं नाही.