फोनमागची खुर्ची

मेश्राम मॅडमना कोणी काहीही सांगितलं तरी त्या एकच विचारतात, "कशावरून?"

भाजीवाला म्हणतो, पालक आजचाच आहे. "कशावरून?" दूधवाला म्हणतो, पाणी नाही टाकलं. "कशावरून?" एकदा माझ्या सासूबाई सहज म्हणाल्या, तुमची तब्येत सुधारलेली दिसते. मॅडम घरात गेल्या आणि वजनकाटा घेऊनच बाहेर आल्या. तेव्हापासून सासूबाई त्यांच्याकडे बघून नुसत्या हसतात.

महाल भागातली आमची गल्ली एवढी अरुंद की मॅडमच्या खिडकीतली फोडणी आमच्या घरात शिंकायला लावते. मॅडम हायस्कुलात विज्ञान शिकवतात. रिटायर व्हायला आल्या. लग्न केलं नाही. भाऊ कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो आणि इकडेच राहायला ये म्हणतो. पण तिथे राखेमुळे वाळत घातलेली साडी पुन्हा धुवावी लागते, असं मॅडम सांगतात. त्यांनी खरंच एक पांढरा रुमाल तिथे दिवसभर वाळत घालून पाहिला होता.

शनिवारी दुपारी त्या फोनवरून दुसऱ्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांना शिकवतात. त्याला ऑनलाइन कार्यशाळा म्हणतात. मी म्हटलं, शिक्षकांना कशाला शिकवायचं?

"त्याहीलेच जास्त शिकवा लागते. पोरं निदान विचारतात तरी."

पहिल्याच शनिवारी त्यांनी खिडकीतून हाक मारली. "पुष्पा, इकडे ये वं. काचेचा ग्लास घेऊन ये."

मी गेले. टेबलावर पोह्याचा डबा पालथा घातलेला, त्याला रबरानं फोन बांधलेला. फोनमध्ये नुसते काळे चौकोन आणि खाली नावं.

"हे पाह्य," मॅडम म्हणाल्या. "शिक्षक आहेत. कशावरून? नावावरून. जागे आहेत, कशावरून? काही पत्ता नाही. कोणी तोंड दाखवून नाही राहिलं. मले तोंड पाहिल्याशिवाय शिकवता येत नाही. तू बस तिथं, फोनच्या मागं."

"मॅडम, मी चौथी शिकलेली. मले काय समजते?"

"म्हणूनच बस. समजलं तर मान उभी हलव, नाही समजलं तर आडवी. उगाच मले खुश कराले उभी हलवू नको."

मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नाला गेले तरी मी भांडी घासणाऱ्या बायांजवळ जाऊन बसते. पण ही खुर्ची मला आवडली. फोनच्या मागे असल्यामुळे मी कोणाला दिसत नव्हते.

फोनवर मॅडमची मराठी इस्त्री केलेली असते. "शिक्षक मित्रहो, आता आपण निरीक्षण करूया." पण माझी मान आडवी गेली की इस्त्री मोडायची. "आता काहून नाही समजलं वं?" चौकोनातल्या शिक्षकांना वाटायचं, हे आपल्यालाच. मग घाबरून कोणीतरी म्हणायचं, "समजलं मॅडम, समजलं."

गल्लीला पण शिस्त लागली. भंगारवाला शनिवारी आमच्या गल्लीत भोंगा बंद करतो आणि कानात सांगितल्यासारखं "भंगार" म्हणतो.

कार्यशाळा संपली की मॅडम चहा ठेवायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "एका कपाचा चहा होतच नाही. अर्धा भांड्यालेच लागते. बस गुपचूप." मी एकदा हिंमत करून विचारलं, कशावरून? त्या हसल्या आणि कप माझ्या हातात दिला.

मग एका शनिवारी मी गेले तर मॅडमनी फोन डब्याला बांधलाच नव्हता. कार्यशाळा भरवणाऱ्या सरांचा फोन आला होता, म्हणाले, तुमचा तास दर वेळी लांबतो, शिक्षक कंटाळतात. आज वेळेत संपला तर ठीक, नाही तर तुमचं शिकवणं एकदाच रेकॉर्ड करून ठेवू, ज्याला पाहिजे तो पाहील.

"माझी फिल्लम काढून ठेवतात म्हणे," मॅडम म्हणाल्या. "फिल्लमले कोणाची मान दिसते?" मग खाली बघून म्हणाल्या, "पुष्पा, आज मान उभीच ठेवजो."

उगाच उभी हलवू नको म्हणणाऱ्या मॅडमच हे म्हणत होत्या.

त्या दिवशी मेणबत्तीचा प्रयोग होता. ताटलीत कुंकवाचं लाल पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून माझा ग्लास पालथा. मेणबत्ती विझली आणि पाणी ग्लासात चढलं. मॅडम घाईनं बोलत होत्या. पुस्तकात लिहिलंय की आतला प्राणवायू संपला म्हणून पाणी चढलं, पण ते खरं कारण नाही. आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी आत शिरतं. "समजलं?"

मी मान उभी ठेवायचं ठरवलं होतं. पण हवा निसटली हे काही मला दिसलं नव्हतं. मान आपोआप आडवी गेली.

मॅडम थांबल्या. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. "थांब. तीन मेणबत्त्या आण वं."

पुन्हा पाणी, पुन्हा ग्लास. या वेळी त्यांनी बोट दाखवलं. ग्लासच्या काठाखालून बुडबुडे निघत होते. मेणबत्त्या विझल्या तसं पाणी आधीपेक्षा वर चढलं. "ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच. मग पाणी जास्त कसं चढलं? जास्त हवा तापून निसटली म्हणून."

तेवढ्यात एका काळ्या चौकोनात उजेड पडला. बनियनवरचे एक सर होते. "मॅडम, मघाशी मलेही नव्हतं समजलं. विचारायची लाज वाटली. मी आतापर्यंत पोरांना प्राणवायूच सांगून राहिलो. थांबा, मी मेणबत्ती आणतो."

मग दुसरा चौकोन उजळला, मग तिसरा. कोणाची ताटली, कोणाची परात. एका बाईंनी देवघरातली समईच आणली. तास एवढा लांबला की भंगारवाला परतीच्या फेरीला आला. शेवटी ते कार्यशाळावाले सर स्वतः दिसले. त्यांच्या हातातही ग्लास होता. फिल्लमचा विषय काही त्यांनी काढला नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. आता मॅडमना तोंडं दिसतात, माझी मान कशाला? मी तांदूळ निवडत बसले. समोरच्या खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते. मला बरंही वाटलं आणि नाहीही.

कार्यशाळा संपल्यावर मॅडम आमच्या दारात आल्या. हातात चहाचे दोन कप.

"काहून नाही आली वं?"

"आता तर सगळे दिसतात ना तुम्हाले."

"दिसतात." त्यांनी एक कप माझ्यापुढे ठेवला. "पण ते बटण दाबलं की सारेच्या सारे जातात. खोलीत मग तुझी खुर्चीच राहते."

मी तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. चहा निवत होता. मी म्हटलं, "मॅडम, येत जाईन मी. शनिवारीच नाही, अशीही येत जाईन."

मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. त्यांनी मान उभी हलवली आणि चहा प्यायला लागल्या.