सोबतीचा उपास

कुठलीही तपासणी उपाशीपोटीच करायची, हा पुरुषोत्तमरावांचा नियम पुणं सोडून इंग्लंडात रीडिंगला स्थायिक झाल्यावरही सुटला नव्हता. आज त्यांच्या बायकोच्या, सुनेत्राबाईंच्या हृदयाची डॉपलर सोनोग्राफी होती. कॅन्सरच्या औषधानं हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. तसा झाला असेल तर औषध बंद. त्यापुढचं दोघंही बोलत नसत.

"अहो, उपाशी यायला कुणी सांगितलंय?"

"सांगायला कशाला हवं? मीही राहतो, तुला सोबत."

सुनेत्राबाईंनी गोळीच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन दोन टोस्ट खाल्ले. पुरुषोत्तमरावांनी मात्र आदल्या संध्याकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता.

हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत यंत्रावर ईशिता नावाची मुलगी होती. जन्म लंडनमधल्या एजवेअरचा, मराठी आजीकडून उचललेलं.

"काकू, लेफ्ट साइडवर वळा. माझा मराठी बॅड आहे, सॉरी हं."

पडद्यावर हृदयाचा स्नायू हलू लागला. तांबडा, निळा, तांबडा, निळा. पुरुषोत्तमराव ताडकन उठले.

"अगं, हिचं हृदय निळं पडलंय!"

"नाही काका, तो फक्त डिरेक्शन आहे. मसल माझ्या प्रोबकडे आला की रेड, लांब गेला की ब्लू. किती फास्ट हलते, ते मी मेझर करते."

"मग हलतंय ना फास्ट?"

"ते डॉक्टर सांगेल. मला अलाउड नाही."

"नुसतं हो की नाही, एवढं तरी सांग!"

"काका, प्लीज बसा."

बसतील तर ते पुरुषोत्तमराव कसले! नीट दिसावं म्हणून ते टाचा उंचावून पुढे वाकले आणि घेरी येऊन तसेच बायकोच्या अंगावर आडवे झाले. जाता जाता जेलची बाटलीही पाडली. ईशितानं घंटा दाबली. सुनेत्राबाई अंगावरच्या वायरींसकट खाली उतरल्या आणि धावत आलेल्या लोकांनी त्याच पलंगावर पुरुषोत्तमरावांना चढवलं. नाडी नीट लागेना, म्हणून डॉक्टरांनी तेच यंत्र त्यांच्या छातीला लावलं.

"नुसते उपाशी आहेत हो! एक बिस्कीट दिलंत की उठतील," सुनेत्राबाई इंग्रजीत परत परत सांगत होत्या. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. सुनेत्राबाईंनी बिस्किटाचं बोलणं सोडून दिलं.

दुपारी वॉर्डात डॉक्टरांनी दोन्ही निकाल एकदमच सांगितले. सुनेत्राबाईंचा स्नायू ठणठणीत आहे, औषध चालू राहील. पुरुषोत्तमरावांचा मात्र बराच थकलाय. गेले काही महिने जिना चढताना त्यांना लागणारी धाप बायकोच्या काळजीमुळे नव्हती, हृदयामुळे होती. त्यांना इथंच राहावं लागेल.

पुरुषोत्तमरावांनी ऐकला तो पहिला निकाल. "पास झालीस गं!" म्हणत ते कित्येक महिन्यांनी हसले आणि हसता हसता रडले.

नर्स माहिती लिहून घ्यायला आली. "हू इज द केअरर ॲट होम?"

"मी," पुरुषोत्तमराव सवयीनं म्हणाले.

"नो, लव्ह. तुमची काळजी कोण घेतं?"

सुनेत्राबाईंनी केस गेलेल्या डोक्यावरचा स्कार्फ घट्ट केला आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.